ठेवायची की उघडायची?

तोरिनोतल्या माझ्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी, हिवाळ्याच्या जॅकेटमध्ये गुंडाळलेल्या वाईनच्या दोन बाटल्या आडव्या पडल्या आहेत. तीन होत्या, एक उघडून झाली. सप्टेंबरच्या अखेरीस खोलीचा करार संपतोय आणि नोकरीचाही. मुदतवाढ मिळाली तर इथेच, नाहीतर दुसरं शहर, नाहीतर सरळ तासगाव. सामानाची यादी करायला बसले तेव्हा बाकी सगळं पटापट ठरलं. कुकर मैत्रिणीला, सायकल विकायची, पुस्तकं खोक्यात. अडले ती या दोन बाटल्यांपाशी.

पंधराएक युरोची एक बाटली. म्हणजे कुणी तिजोरीत ठेवावी अशी चीज नाही. पण माझ्या आठवड्याच्या भाजीपाल्याचे पैसे नक्कीच.

मी द्राक्षवाल्याची मुलगी. आमची बाग मांडवावरची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि मधल्या काळात आभाळाकडे बघत बसणं. आप्पा माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण द्राक्षाचा हा अवतार त्यांनी कधी जिभेला लावला नाही. त्यामुळे इथे शिकत असताना मी शनिवार-रविवार ज्या दुकानात काम करायचे ते ‘किराणा दुकान’ आहे, असं मी त्यांना वर्षभर सांगत होते. ते वाईनचं दुकान होतं.

दुकानाच्या मालकीणबाईंनी मला पहिल्याच महिन्यात तीन पेले भरून दिले. तिन्ही लाल, तिन्ही याच पिएमोन्ते प्रांतातले. पहिली दोल्चेत्तो. नावाचा अर्थ ‘छोटी गोड’ असा, पण वाईन अजिबात गोड नाही. जांभळट रंग, आंबटपणा कमी, शेवटी किंचित कडवटपणा. दुसरी बार्बेरा. तिच्यात चांगलाच आंबटपणा, तुरटपणा मात्र नावाला. तिसरी नेब्बिओलो. रंग इतका फिका की मला वाटलं पाणी घातलंय. घोट घेतला आणि हिरवं जांभूळ चावल्यासारखं तोंड आतून आवळलं. जीभ टाळूला चिकटली.

“हे कोण पितं?” मी विचारलं.

“आज कुणी नाही,” त्या हसून म्हणाल्या. “पण थांब जरा.”

हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. टॅनिन म्हणतात त्याला. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तोंड आवळणं कमी होतं. रंग विटकरी होतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि वाळलेलं फूल, चामडं, ओली माती असले वास पुढे येतात. आंबटपणा मात्र बराचसा टिकून राहतो आणि वाईनला उभं धरतो.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आपल्याकडे त्याला शब्दच आहे, मुरणं. कैरीचं लोणचं मुरतं ते कैरी कच्ची, करकरीत आणि आंबट असते म्हणून. पिकल्या आंब्याचं लोणचं घालून वर्षभर बरणीत ठेवलं तर ते मुरणार नाही, नासेल. दोल्चेत्तो म्हणजे पिकला आंबा. दोन-तीन वर्षांत पिऊन मोकळं व्हावं. साधी बार्बेराही तशीच, चार-पाच वर्षांच्या आत. नेब्बिओलो ही कैरी. बारोलो आणि बार्बारेस्को या मोठ्या नावाच्या वाईन याच द्राक्षाच्या. बारोलो विकायला काढण्याआधी किमान 38 महिने ठेवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. बार्बारेस्को 26 महिने, त्यातले 9 लाकडात. तसा नियमच आहे. त्याच टेकड्यांवरची, त्याच द्राक्षाची, पण इतका काळ न अडकवलेली वाईन ‘लांगे नेब्बिओलो’ नावाने मिळते, आणि ती आपल्या खिशाला परवडते.

एवढं कळल्यावर माणूस जी चूक करतो ती मीही केली. आठ युरोची एक बार्बेरा घेतली आणि ‘डिग्रीच्या दिवशी उघडू’ म्हणून ठेवून दिली. खोली पाचव्या मजल्यावर, छपराखाली. जुलैमध्ये रात्री अकरालाही भिंती गरम. वाईनला लागतात बारा-चौदा अंश, अंधार आणि आडवं पडणं, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. माझी बाटली दोन उन्हाळे कपाटावर उभी होती. डिग्रीच्या रात्री मोठ्या थाटात उघडली. चव उकडलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी. मैत्रिणींनी छान आहे म्हटलं आणि पेले तसेच ठेवून बिअर मागवली.

मुरवणं आणि नुसतं जपून ठेवणं यातला फरक मला त्या रात्री कळला. आमच्या घरी शोकेसमध्ये कपबशांचा एक सेट आहे, लग्नात आलेला. तो जपलेला आहे, मुरलेला नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी बार्बारेस्को गावात जाऊन आले. तोरिनोहून रेल्वेने आल्बा, तिथून पुढे टेकडीवर. एक जुना बुरूज, एक चर्च, खाली तानारो नदी. सकाळी सगळ्यावर धुकं. इथल्या शेतकऱ्यांची गोष्ट मला फारच ओळखीची वाटली. 1894 मध्ये दोमित्सिओ कावात्झा नावाच्या माणसाने इथे द्राक्षवाल्यांची पहिली सहकारी संस्था काढली. फॅसिस्ट राजवटीत ती बंद पडली. मग 1958 मध्ये गावच्या पाद्र्यांनी, फियोरिनो मारेंगो यांनी, 19 छोट्या शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र आणलं. एकेकटा शेतकरी द्राक्षं विकून तगणार नाही हे त्यांना दिसत होतं. पहिली तीन वर्षं वाईन चर्चच्या तळघरात बनली. ती संस्था, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को, आजही चालू आहे आणि नावाजलेली आहे. माझ्या तीन बाटल्या तिथल्याच, लांगे नेब्बिओलो.

परतीच्या गाडीत आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पिशवी दिसत होती. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. दुकान, वाईन, तीन बाटल्या. दुसऱ्या बाजूला बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“तू पितीस?”

“चव घेते, आप्पा. कधी कधी पेलाभर पितेही.”

पुन्हा पंखा. मग म्हणाले, “एकोणीस जण म्हणालीस न्हवं? साठवायला जागा कुणाची?”

“चर्चची.”

“बरोबर. जागा असंल तरच माणूस थांबू शकतो.”

आमच्याकडे द्राक्षांचे बेदाणे करतात. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. मग दरवर्षी तोच प्रश्न: आता सौद्यात काढायचा की कोल्ड स्टोरेजला ठेवून भावाची वाट बघायची? मी अकरावीत असताना आप्पांनी ठेवला. भाव पडत गेला, स्टोरेजचं भाडं आणि सोसायटीचं व्याज चढत गेलं. शेवटी दिवाळीआधी पडेल भावात गेला. त्या वर्षी माझी हॉस्टेलची फी दोन हप्ते थकली. घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही.

त्या दिवशी गाडीत ते पहिल्यांदाच बोलले. “ठिवला म्हणून चुकलो न्हाई मी. चुकीचा माल ठिवला. हिरवागार, एकसारखा होता तो पहिल्यांदा विकून टाकला, गिऱ्हाईक होतं म्हणून. आणि डागी, भुरकट व्हायला लागलेला ठिवला, भाव चढला की खपंल म्हणून. ठिवून काय त्याचा रंग परत येणार हुता?” थोडं थांबून म्हणाले, “माल बघून ठिव. आशा बघून ठिवू नको.”

घरी येऊन मी पहिली बाटली उघडली, माल बघायला. मालकीणबाईंनी शिकवलेली सोपी परीक्षा अशी: अर्धी आज प्यायची, अर्धी बूच लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखायची. हवा लागून एका रात्रीत जी मान टाकते, ती वर्षानुवर्षं काय टिकणार? हा काही शास्त्रीय पुरावा नाही, पण अंदाज येतो. पहिल्या रात्री माझी नेब्बिओलो कडक, तुरट, अबोल. दुसऱ्या रात्री तिला गुलाबाचा आणि लाल फळाचा वास यायला लागला. तिसऱ्या रात्रीही ती उभी होती. वहीत लिहिलं: हिच्यात दम आहे. म्हणून बाकीच्या दोन ठेवल्या.

आता यादीत त्या दोघींसमोर काय लिहायचं? माझी अडचण बाटल्यांची नव्हतीच, हे आज लिहिताना दिसतंय. मला वाटत होतं, बाटली ठेवली की मीही ठेवली जाईन. चार वर्षांनी उघडायची वाईन घरात आहे, म्हणजे चार वर्षांनी मी इथे असणारच. आप्पांनी डागी बेदाण्यावर जी आशा ठेवली, तीच मी एका बुचावर ठेवून बसले होते. कराराला हे काही कळत नाही.

त्यामुळे असं ठरवलंय. एक बाटली या शनिवारी उघडायची, कुकरवाल्या मैत्रिणीकडे, राजमा-भातासोबत. कुठलाही खास दिवस नाही. दुसरी मात्र खरंच मुरायला हवी, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मालकीणबाईंच्या तळघरात बारा महिने थंडावा असतो. विचारलं तर त्यांनी कोपऱ्यातलं एक फळकूट दाखवलं. “आलीस तर तुझी,” म्हणाल्या, “नाही आलीस तर माझी.” मला हा व्यवहार पटला.

काल आप्पांना सांगितलं. पीत नाहीत, पिणार नाहीत, पण ठेवणीतलं त्यांना कळतं.

“तारीख लिव बाटलीवर,” म्हणाले. “आमी खोक्यावर लिवतो तशी. न्हाईतर कधी ठिवली ते इसरतं माणूस.”

मार्कर घेतला, कागदाची पट्टी चिकटवली, तारीख घातली. खाली नाव लिहायला गेले आणि थांबले. मग नावाऐवजी लिहिलं, ‘तासगाव’.