बुढा तलावाच्या काठावरून

वाचकहो, रायपुरास गेलात तर बुढापारा वस्तीतील बुढा तलावाच्या काठी घटकाभर थांबा. १८७७ साली बालक नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, या वस्तीत राहावयास आले होते. आज तलावास त्यांचेच नाव आहे.

तेथून शहराच्या सीमेवरील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातही अवश्य जा. ‘धानाचा कटोरा’ म्हणविणाऱ्या छत्तीसगडची खरी श्रीमंती तेथे जपलेली आहे. डॉ. रिछारिया यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाताच्या देशी वाणांचे सुमारे १९ हजार नमुने गोळा करविले. शेणखतावर, आपापल्या मातीत व पावसात तग धरणारे असे वाण म्हणजे सेंद्रिय शेतीचा पायाच होय. ज्याचे बियाणे घरचे, त्यास पेरणीसाठी कर्ज काढावे लागत नाही.

२००२ साली हा ठेवा सिंजेंटा या परदेशी कंपनीस खुला करण्याची बोलणी चालली होती. लोकांनी कडाडून विरोध केला आणि ती थांबली. परंतु ठेवा नुसता कोठारात राखून भागत नाही. तो शेतात उतरला पाहिजे. उन्हाळ्यात ओसरलेला तलाव पावसाने पुन्हा भरतो. नाहीसे झालेले बियाणे मात्र कोणत्याही पावसाने उगवत नाही.