दुभाजकापलीकडचं शेत

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की यवत, पाटस, कुरकुंभ मागे टाकत गाडी भिगवणला येते. जवळच उजनीचं पाणी. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. पुढे इंदापूरपर्यंत ऊसच ऊस.

या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणत, आता ६५ म्हणतात. तो दुपदरी होता तेव्हा शेतातली बैलगाडी सरळ पलीकडे घरी जाई. रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, त्यात कण्हेर लागली. कित्येकांचं गाव एकीकडे आणि शेत दुसरीकडे राहिलं. पुलाखालून वळून यायचं तर दोन-चार किलोमीटरचा फेरा. मग उलट्या बाजूनेच कडेकडेने यायची चाल पडली. रस्ता आखताना गावाची सोय पाहिली असती तर ती एवढी बोकाळली नसती, हेही खरं.

पण हिशेब मांडून पाहा. फेऱ्याला भरल्या ट्रॅक्टरचं लिटर-दोन लिटर डिझेल जाईल, एवढीच बचत. समोरची मोटार ताशी ८० ने, आपण २० ने. दोघांमधलं अंतर ताशी १०० ने, म्हणजे सेकंदाला २८ मीटरने मिटतं. रात्री साठ मीटरवर नजरेस पडलात, तर मोटारवाल्याच्या हाती दोनच सेकंद. आपला दिवा लांबून दिसला तरी त्याला तो दुभाजकापलीकडचाच वाटतो. ट्रॉलीला लावलेली तांबडी चकाकती पट्टी मागे असते. उलट येताना ती दिसणार कुणाला? आणि त्या कडेने चालतं कोण? सायकलवाला, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, शाळेची पोरं. म्हणजे आपलीच माणसं.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरात पाचांहून अधिक उलट्या बाजूच्या वाहतुकीपायी. २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याने हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं: पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. त्याहून घरच्यांना जड जाते ती पुढची गोष्ट. भरपाईच्या दाव्यात चूक कुणाची हे पाहतात, आणि उलट आलेल्याच्या वारसांची रक्कम कापली जाऊ शकते.

गावापुढचा सेवा रस्ता अर्धवट असेल, तर ग्रामसभेत ठराव करून तो महामार्ग प्राधिकरणाला पाठवता येतो. ऊसतोड सुरू होण्याआधी पाठवलेला बरा.