सालबाईचा जामीनदार

तह करणाऱ्यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज तहाला जामीन राहणाऱ्याविषयी.

माझे घर वर्तकनगरात, म्हणजे साष्टी बेटावर आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेले ठाणे १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी जिंकले आणि पाठोपाठ साष्टीही गेली. पुढे सुरत, पुरंदर, वडगाव अशा प्रत्येक तहात साष्टीचा प्रश्न होताच. १७७९ साली वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी ती परत देण्याचे कबूल केले. सुटका होताच कंपनीच्या वरिष्ठांनी तो करार अमान्य केला. कागद होता, तो पाळायला लावणारा कोणी नव्हता.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला, तेव्हा ही उणीव भरून काढण्यात आली. महादजी शिंदे उभय पक्षांचे जामीन झाले. जो पक्ष कलमे मोडील, त्याच्याविरुद्ध त्यांनी उभे राहावे, असे तहातच नमूद झाले.

पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणारा मनुष्य स्वतःच्या खिशाला तोशीस लावून घेतो. महादजींचे तसे नव्हते. १७८१ च्या ऑक्टोबरातच त्यांनी कंपनीशी स्वतंत्र समेट केला होता. सालबाईने त्यांना भडोच मिळाले, उत्तरेत हात मोकळे झाले आणि पेशव्यांचा हा सरदार कंपनीच्या लेखी जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश ठरला. पुण्यात नाना फडणिसांनी तहाची मान्यता लांबवली. डिसेंबर १७८२ मध्ये हैदरअली निवर्तल्यावरच ती दिली गेली.

जामीनदाराचा असा स्वार्थ हा दोष मानावा काय? मला तो तहाचा आधार वाटतो. शांतता टिकण्यात महादजींचा लाभ होता, आणि ती मोडणाऱ्याला धाक वाटावा इतकी फौज त्यांच्यापाशी होती. पेशवे आणि कंपनी यांच्यात पुढे सुमारे २० वर्षे युद्ध झाले नाही.

तुलनेसाठी दक्षिण अमेरिकेकडे पाहू. पेरू आणि इक्वेडोर यांच्या १९४२ च्या सीमातहाला अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार देश हमीदार होते. १९९५ साली सेनेपा खोऱ्यात युद्ध पेटले, तेव्हा या चौघांनी निरीक्षक पाठवले, उभयतांना चर्चेला बसवले आणि १९९८ साली ब्राझिलियात वाद मिटवला. मधल्या ५६ वर्षांत राष्ट्राध्यक्ष किती आले नि गेले, तरी हमी राहिली; कारण ती राज्यांनी दिली होती.

सालबाईची हमी एका माणसाच्या वजनावर उभी होती. १७९४ साली महादजी वानवडीला वारले आणि ते वजन गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला कंपनीशी तह केला. या वेळी मध्ये जामीन कोणी नव्हता. पेशव्यांचे रक्षण करणारी फौजच कंपनीची होती.

महादजींच्या मुत्सद्देगिरीचा अभिमान मलाही आहे. परंतु सालबाईत वसई पेशव्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. महादजींनी ज्या कलमांची हमी घेतली, त्यांत ठाणे गमावल्याचे कलमही होते. जामीन ठरलेल्या गोष्टीला राहायचे असते. ती न्याय्य होती का, हे त्याला कोणी विचारत नाही.