न सांगितलेले दुखणे

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली मुंबईत सुरू झाले आणि १९५३ साली त्यांच्याबरोबरच संपले. आपल्या वाडवडिलांपैकी कोणी ते वाचले असेल, तर उशीखाली लपवून वाचले असेल. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि त्या कार्यापायी पुढे विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली. वाचकांच्या शंकांना ते मासिकातून सरळ उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होते का, पुरुषाला पुरुषच आवडला तर काय समजावे, असल्या शंका. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला. मासिक मात्र पुढे एकोणीस वर्षे चालले.

कर्व्यांची आठवण मला इथे रेडमंडला वरचेवर होते. मुलगा-सून मायक्रोसॉफ्टमध्ये, आणि आईवडील सहा महिने नातवंडांसाठी आलेले, अशी कितीतरी मराठी घरे या गावात आहेत. मी नर्स होते हे कळले की बायका बाकावर जरा जवळ सरकून बसतात. एकीच्या यजमानांना मधुमेह. डॉक्टरांकडे मुलगा नेतो, दुभाष्याचे कामही तोच करतो. डॉक्टरीणबाई विचारतात, "आणखी काही त्रास?" यजमान म्हणतात, "नाही." दुसरे काय म्हणणार? पोटच्या मुलाच्या तोंडून ते कसे सांगायचे? बाई मला म्हणाल्या, "दोन वर्षे झाली, हे वेगळ्या खोलीत झोपतात. मला वाटतं मी नकोशी झाले." त्यांचे वय चौसष्ट.

अश्दोदला किंवा लोदला डॉक्टरांपुढे हिब्रू बोलायला नातवाला नेणाऱ्या आजीआजोबांना हे निराळे सांगावयास नको.

त्या बाई नकोशा झालेल्या नव्हत्या. मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुबळ्या होतात, आणि पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता यायला दोन्ही लागतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, औदासीन्यावरच्या काही गोळ्या, याही आड येतात. कधी तर हीच तक्रार हृदयविकाराची पहिली सूचना असते. म्हणून मनाकडे वळण्यापूर्वी शरीर तपासावे लागते. जो मानसतज्ज्ञ हे विचारीत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मन त्यात लगेच शिरते. एकदा जमले नाही की पुढच्या वेळी माणूस स्वतःकडेच पाहात राहतो, आज जमेल ना, म्हणून. सेंट लुईसचे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी या अवस्थेला प्रेक्षक होणे म्हटले. १९७० साली त्यांचे उपचारांवरील पुस्तक आले. तोवर फ्रॉइडच्या मार्गाने वर्षानुवर्षे बालपण उकरीत बसण्याची चाल होती. यांनी नवरा-बायको दोघांना एकत्र बसविले, समोर एक पुरुष व एक स्त्री उपचारक, मुदत दोन आठवडे. पहिला नियम असा की शरीरसंबंध बंद! नुसते पाळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा, काय बरे वाटते ते सांगायचे. परीक्षाच रद्द झाली म्हणजे नापास होण्याची भीती राहात नाही. आजही उपचारांत हा गृहपाठ दिला जातो. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. हेलन सिंगर कॅपलन यांनी दाखविले की मुळात इच्छाच नसणे हे वेगळे दुखणे आहे, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा दोघांमधला जुना राग, थकवा किंवा दुःख असते.

या कॅपलनबाईंच्या हाताखाली शिकलेली आपल्या लोकांतली एक बाई म्हणजे डॉ. रूथ वेस्टहायमर. दहाव्या वर्षी जर्मनीतून स्वित्झर्लंडला पाठविली गेली, आईबाप नाझींनी मारले. पुढे हगानामध्ये होती, १९४८ साली जेरुसलेममध्ये तोफगोळ्याने पाय जखमी झाले. १९८० पासून न्यूयॉर्कच्या रेडिओवर ती लोकांच्या शंकांना उत्तरे देऊ लागली. उंची जेमतेम साडेचार फूट, आणि बोलणे आजीसारखे. २०२४ साली शहाण्णवाव्या वर्षी वारली. कर्व्यांना ज्यासाठी दंड झाला, त्यासाठी हिला लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करीत.

आता बायकांचे. मुंबईच्या एका रुग्णालयात मी बाह्यरुग्ण विभागात असताना एक सासू सुनेला घेऊन आली. लग्नाला तीन वर्षे, मूल नाही. रक्त, लघवी, सारे तपासून झालेले, अंगारे-धुपारेही झालेले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सासूला चहा प्यायला पाठविले आणि सुनेला एकच प्रश्न विचारला. संबंध एकदाही झालेला नव्हता. आपल्या शरीरात तेवढी जागाच नाही, असे त्या पोरीला वाटत होते. डोळ्यासमोर बोट आले की पापणी आपोआप मिटते, तसे योनिमार्गाचे स्नायू भीतीने आवळले जातात. याला व्हजायनिस्मस म्हणतात. हा हट्ट नव्हे आणि नवऱ्याविषयीचा तिटकाराही नव्हे. उपचार आहे, आणि तो बहुधा चांगला लागू पडतो: शरीराची ओळख, श्वास, स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम, बारीकापासून जाडापर्यंत नळ्या स्वतःच्या हाताने वापरणे, आणि या साऱ्यात नवऱ्याचा धीर. आता फिजिओथेरपिस्टही यात तयार झालेल्या असतात. आपल्यात अशा कारणावरून गेटपर्यंत गोष्ट गेलेली मी पाहिली आहे. मुलीच्या माहेराला नावे ठेवून झाली, पण डॉक्टरला कोणी विचारले नाही.

काय रोग आणि काय नव्हे, हेही बदलत आले आहे. समलिंगी आकर्षणाला अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली रोगांच्या यादीतून काढले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो गुन्हा नसल्याचे ठरविले. आपल्याकडच्या तरुणांना 'धातू जातो' म्हणून खंगवणाऱ्या भीतीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. त्यात वीर्य जाण्याने काही बिघडत नाही, बिघडवते ती चिंता आणि भिंतीवर जाहिराती रंगवणारे वैदू. आता तज्ज्ञ आधी हे पाहतात की तक्रार सहा महिने तरी टिकली आहे का, आणि त्या माणसाला स्वतःला तिचा त्रास होतो का. दोघांनाही महिन्यातून एकदा पुरत असेल तर तो आजार नव्हे.

आपल्या धर्माला हा विषय वर्ज्य आहे असे म्हणणाऱ्यांनी कतुबा नीट ऐकावा. अन्न, वस्त्र आणि ओना या नवऱ्याने बायकोला द्यावयाच्या गोष्टी. ओना म्हणजे हाच सहवास, आणि हक्क बायकोचा आहे. मिश्नाने तर धंद्याप्रमाणे वेळापत्रकच दिले आहे: मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढववाल्याने एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून, खलाशाने सहा महिन्यांतून. शनिवार तेल्याचे नाव त्यात नाही. घाणा ओढणाऱ्याला मजुरांतच धरले असते, असे मला वाटते.

बाकावरच्या त्या बाईंना मी एवढेच सांगितले की पुढच्या वेळी मुलाने बापाला दारापर्यंत सोडावे आणि बाहेर बसावे. येथे रुग्णालयाकडे दुभाषी मागता येतो, फोनवरून मिळतो, पैसे पडत नाहीत, आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही हा त्याच्या कामाचा नियम असतो. वेळ ठरवितानाच मराठी दुभाषी हवा असे सांगावे. "हिंदी चालेल" म्हटले तर हिंदीच मिळते, आणि आधीच अडलेली जीभ हिंदीत आणखी अडते.