परळ : जागेची टिपणे

गिरण्यांच्या फार आधीपासून परळ नांदते आहे. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात इथे शिवाची एक भव्य शिळा निघाली, सहाव्या शतकाच्या सुमाराची. ती बारादेवीच्या देवळात आहे.

*

एके काळी परळच्या बंगल्यात गव्हर्नर राहत. १८५६ मध्ये कावसजी दावर यांची गिरणी ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत चिमण्या परळ-लालबागपर्यंत आल्या. साहेब मलबार हिलला गेले. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, त्याच बंगल्यात लस-संशोधक हाफकिन यांची प्रयोगशाळा आली.

*

बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून मूळच्या २०७ इमारती. एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

*

अशा खोल्यांतून गिरणी कामगारांच्या गावच्या मंडळांचे गाळे चालत. रातपाळीचा माणूस सकाळी आला की पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा होई. प्रत्येकाची मालकी एक ट्रंक आणि एका वळकटीपुरती. बायकामुले कोकणात नाही तर घाटावर. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

*

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी बहुतेक गिरण्यांत आठवड्याला हक्काचा असा दिवस नव्हता.

*

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भांडी विकली, दागिने गहाण पडले, कित्येक कुटुंबे गावी परतली. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

*

१९९१ च्या नियमाने बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : मैदाने-बागांसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. साचेखात्याखालची जमीन हिशेबातून सुटली. शहराचा आणि कामगाराचा वाटा आकसला, तो इथे.

*

बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या माणसाला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, याचा आनंद आहे. पण गाळ्यात वळकटी टाकणाऱ्याच्या नावावर खोलीच नव्हती. त्याचे वारस अजून गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीची वाट पाहतात. ज्यांच्या घामावर हे परळ उभे राहिले, त्यांना घर मुंबईतच मिळाले पाहिजे.