पंखाचा पंचनामा

पावसाळा सरला की गोव्यात जे काही मोडते त्याचा दोष दमट हवेच्या माथी. दार फुगले, चपलांवर बुरशी आली, पेटीचे सूर बिघडले, इथपर्यंत ठीक. पण माझ्या भाच्याने स्वतः बांधलेल्या विमानाचा डावा पंख हवेतच दुमडला, तेव्हाही घरचा निकाल तोच. "गोंद सुटला असणार!"

दीड मीटर पंखांचे, एक किलो चारशे ग्रॅमचे बाल्साचे मॉडेल. पोराचे सहा महिने त्यात गेलेले. तो तुकडे केरात टाकायला निघाला होता. म्हटले, थांब रे, आधी पंचनामा तर करू.

गोंदाने धरलेच नसते तर सांध्यांची तोंडे गुळगुळीत, चकचकीत दिसली असती. इथे प्रत्येक सांध्याला लाकडाचे तंतू चिकटलेले. गोंद सुटला तो आरोपातून. पंखात लांबीभर दोन दांड्या असतात, एक वर, एक खाली. त्यांना स्पार म्हणतात. सूर मारून विमान वर उचलताना पंखांची टोके वर वाकतात. वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो. वेग दुप्पट झाला तर त्याच कोनात उचल चौपट होते! ताणाने तुटलेल्या लाकडाच्या लांब चिरफळ्या निघतात, दाबाने मोडलेल्यावर चुणी पडते. आमच्या वरच्या स्पारवर चुणीच होती, तिसऱ्या फासळीच्या जरा पुढे.

मग आराखडा उघडला. दोन स्पारांना एकमेकांशी बांधणाऱ्या पातळ उभ्या पट्ट्या, म्हणजे वेब, कागदावरच तिसऱ्या फासळीपाशी संपत होत्या. आधार संपला तिथेच स्पार वाकला. पोराने आराखडा इमानाने पाळला होता. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा खुलला.

हवेला आरोपी करण्याची घाई थोरामोठ्यांनीही केली आहे. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे मॉस्किटो विमान मुख्यतः लाकडाचे, त्यातही बाल्सा होता. १९४४ साली भारत-ब्रह्मदेश आघाडीवर त्याचे पंख हवेत मोडू लागले, माणसे गेली, नोव्हेंबरमध्ये उड्डाणे थांबवावी लागली. संशय इथल्या उष्ण, दमट हवेवर होता. तपासात कारखान्यातल्या जोडकामाचेही दोष बाहेर आले.

दुरुस्ती आम्ही मेस्त मोडलेल्या वाशाची करतो तशीच केली, तिरक्या सांध्याने. सहा मिलिमीटरचा स्पार, त्याला बारापट, म्हणजे ७२ मिलिमीटर लांबीचा सांधा. एपॉक्सी सावकाश सुकणारा, पाच मिनिटांचा नव्हे. नवे वेब दोन तृतीयांश पंखापर्यंत नेले, लाकडाचे तंतू उभे ठेवून. आडवे ठेवले तर पट्टी सहज चिरते.

"आता उजवा सोल," मी म्हटले.

"तो तर बरा आहे, मामा!"

बरा कसला! तोही त्याच आराखड्याचा. कुरकुरत सोलला. दोन्हीकडचे मिळून वजन वाढले अठरा ग्रॅम.

नवे आवरण इस्त्रीने बसवण्याआधी चाचणी घेतली. पाचपट भार धरला, म्हणजे सात किलो. दोन स्टुलांवर उशा, त्यांवर पंख, मध्यभागी उकड्या तांदळाच्या पिशव्या. पंख थोडा वाकला, करकरला नाही. बहिणीने रांधायला तांदूळ परत मागेपर्यंत आम्ही तो तसाच ठेवला.