गाडीचे कुळ शोधताना

वाचकहो, आपल्या घरातही एखादी अशी वस्तू असेल, जिच्या वयाविषयी घरातल्या दोन माणसांचे कधी एकमत झालेले नाही. कुणाकडे पितळी समई असते, कुणाकडे भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ. आमच्या दुसरबीडच्या घरी ती वस्तू म्हणजे पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली एक फियाट अकराशे आहे. मुंबईत या गोलसर बांध्याच्या गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणत. नाव प्रेमाचेच होते, पण माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ते कधीच आवडले नाही.

अण्णांनी आता सत्त्याऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी ते मुंबईत एका गॅरेजमध्ये राबले. पुढे मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर, आपल्याच गावात, त्यांनी मिस्त्रीकाम थाटले. नागपूरहून मुंबईला जाणारे ट्रक तेव्हा याच रस्त्याने जात. इथला जिजामाता साखर कारखाना चालू होता त्या दिवसांत तर रात्री-अपरात्रीही दार वाजे. गेल्या तीन वर्षांत त्यांची स्मृती उतरणीला लागली आहे. दुपारी जेवण झाले की नाही, हे त्यांना संध्याकाळी सांगता येत नाही. धाकट्या नातवाला ते कधी मुलाच्या, तर कधी भावाच्या नावाने हाक मारतात. अशा अवस्थेत त्यांनी एक वाक्य धरून ठेवले, आणि त्या वाक्याने आमच्या घरात चांगलाच पेच उभा केला.

"सूनबाई, त्या फेरारीवाल्यानं पयली गाडी बनवली, तिच्यात आपल्याच गाडीचं इंजिन व्हतं."

आपण काळजीवाहक असाल तर अशा वाक्याचे ओझे आपल्याला ठाऊक असेल. जालन्याच्या डॉक्टरांनी आम्हाला विचारले होते, "आजोबा न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगतात का?" स्मृतिभ्रंशात मेंदू आठवणींतली भगदाडे आपल्या मनाने बुजवतो, आणि सांगणाऱ्याला ते खरेच वाटत असते. धाकट्या दिरांनी फेरारीचे वाक्य याच खात्यात टाकले. त्यांना गाडी भंगारात द्यायची होती. अण्णांच्या बोलण्याला आता अर्थ उरला नाही असे ठरले, तर 'गाडी विकायची नाही' या त्यांच्या शब्दालाही अर्थ उरत नव्हता. पुढे औषधोपचाराबद्दल, शेताबद्दल, राहण्याबद्दल त्यांना विचारायचे की परस्पर ठरवायचे, हा प्रश्नही त्याच वाटेवर उभा होता. म्हणून ते वाक्य खरे की खोटे, हे पाहायचे मी ठरवले. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने ग्रंथालयातून मोटारींच्या इतिहासाची पुस्तके मिळवून दिली आणि इंग्रजी-इटालियन नावांशी झुंजत आम्ही दोघी वाचू लागलो.

जे हाती आले ते असे. एन्झो फेरारी १९३९ मध्ये आल्फा रोमिओ कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, अशी अट त्यांच्यावर होती. त्यांनी मोडेना येथे 'ऑटो आव्हिओ कोस्त्रुझिओनी' नावाची कंपनी काढली आणि त्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत दोन शर्यतीच्या गाड्या उभ्या केल्या. त्यांचे नाव '८१५' होते. आठ सिलिंडर आणि दीड लिटर, असा त्या आकड्यांचा अर्थ. अभियंते आल्बेर्तो मास्सिमिनो यांच्यापुढे वेळ थोडा होता आणि पैसाही बेताचा. तेव्हा त्यांनी सहज मिळणाऱ्या फियाट अकराशेचे सुटे भाग घेतले आणि त्या चार सिलिंडरांच्या इंजिनावरून आठ सिलिंडरांचे इंजिन जुळवले. त्यातला मूळ ठोकळा नवा होता. पण सिलिंडर हेड, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्हची यंत्रणा यांचे कुळ फियाटचेच.

२८ एप्रिल १९४० रोजी ब्रेशियाच्या शर्यतीत या दोन्ही गाड्या धावल्या. एक होती आल्बेर्तो आस्कारी या तरुणाच्या हाती, जो पुढे १९५२ आणि १९५३ साली जगज्जेता झाला. दुसरी लोतारिओ रांगोनी या सरदार घराण्यातल्या माणसाची. आस्कारीची गाडी दुसऱ्याच फेरीत बंद पडली. रांगोनीची तिच्या वर्गात पुढे असताना थांबली. फेरारीचे नाव लावलेली पहिली गाडी यायला १९४७ साल उजाडले. म्हणून जाणकार '८१५' ला फेरारीची पहिली गाडी म्हणावे की नाही यावर अजून वाद घालतात. त्या वादात मला रस नाही. अण्णांच्या वाक्यात तथ्य होते, एवढे मला पुरे होते.

आणि ते एकटे '८१५' पुरते नव्हते. युद्धानंतर पिनिन फारिना यांनी जिला देखणे अंग दिले ती 'चिसितालिया २०२' ही दोन आसनी गाडी आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात कलाकृती म्हणून जपलेली आहे. तिच्याही बॉनेटखाली फियाट अकराशेचेच इंजिन आहे.

आता हे इंजिन आपल्याकडे कसे आले, ते पाहू. फियाटने १९३७ साली दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली १०८९ घन सेंटिमीटरचे हे इंजिन बाजारात आणले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळल्या आणि पन्नासच्या दशकात फियाट आली. गोल अंगाची अकराशे १९५३ साली इटलीत निघाली आणि लवकरच कुर्ल्यात जुळू लागली. मग 'सिलेक्ट', 'एलिगंट', १९६४ ची 'डिलाइट', आणि सत्तरच्या दशकात त्याच वंशातली 'प्रीमियर पद्मिनी'. पद्मिनीचे इंजिनही १०८९ घन सेंटिमीटरचेच होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून आपण कधी ना कधी प्रवास केला असेलच. त्यातली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आपल्या दवाखान्याच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या किती खेपा त्या इंजिनाने केल्या असतील!

पुस्तके वाचून झाल्यावर मी अण्णांपाशी बसले, आणि येथे खरी मौज सुरू झाली. आमची गाडी नेमकी कोणत्या सालची, हे तोवर ठरलेले नव्हते. नोंदणीपुस्तकाची पहिली दोन पाने उंदरांनी खाल्लेली. उरलेल्या पानावर इंजिनाचा जो क्रमांक आहे तो प्रत्यक्ष इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. दिरांना यात लबाडी दिसली. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "एक्काहत्तरला बदललं. जुन्याचा ठोकळा तडकला व्हता." मुंबईच्या गॅरेजचे नाव त्यांना आठवले नाही, पण तिथल्या पारशी मालकाने दुपारच्या चहाला फेरारीची गोष्ट सांगितली होती, हे आठवले. गाडीच्या पाटीवर 'बीएम' ही अक्षरे आहेत. ती मुंबई राज्याच्या काळातली. १९६० नंतर मुंबईच्या गाड्यांना 'एमआर'ची अक्षरे मिळू लागली, आणि आपल्या बुलढाण्याचे 'एमएच २८' तर १९८९ नंतरचे. पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगवर. या सगळ्यांतून गाडी पन्नासच्या दशकातली, एवढे पक्के झाले. अण्णा छप्पन्न म्हणतात. आम्ही छप्पन्न धरले.

या सगळ्यात मला काळजीवाहक म्हणून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते. 'आठवतं का?' हा प्रश्न मी टाकून दिला आहे. त्या प्रश्नाने माणूस परीक्षेला बसतो आणि नापास झाल्यासारखा गप्प होतो. त्याऐवजी मी हातात वस्तू देते. स्पार्क प्लग दिला की अण्णांची बोटे आपोआप त्याची काजळी खरवडू लागतात आणि मग शब्द येतात. सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात, असे न विचारताच ते "एक-तीन-चार-दोन" म्हणून मोकळे होतात. हातांनी शिकलेले कौशल्य मेंदूत वेगळ्या वाटेने साठते आणि स्मृतिभ्रंशात ते बहुधा उशिरा जाते. तसेच दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक असतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. अण्णांची मुंबई नेमकी त्या वयातली.

रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली असे मांडले की, म्हाताऱ्या माणसाचे भूतकाळात रमणे हे रोगलक्षण नसून आयुष्याचा आढावा घेण्याची स्वाभाविक क्रिया आहे. त्यातूनच आठवणींवर आधारलेली उपचारपद्धती पुढे आली. मात्र आपण फार आशा धरू नये. या पद्धतीचे जे अभ्यास झाले, त्यांत मनःस्थिती व संवाद यांवर होणारा परिणाम लहान आणि माणसागणिक निराळा दिसतो. आजार थांबत नाही. अण्णांचाही थांबलेला नाही. पण सकाळचा तास-दीड तास घरात भांडण नसते, आणि माझ्या मते ते औषधाच्या एका गोळीइतके तरी मोलाचे आहे. संध्याकाळी मात्र हा विषय काढू नये. दिवस मावळला की अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, आणि मग तीच गाडी 'मला मुंबईला जायचंय' या हट्टाचे कारण होते.

जुन्या यंत्राशी वृद्धांना खेळू देताना काही पथ्ये पाळावी लागतात. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ती धूळ झाडू नये, फुंकू नये. आम्ही ब्रेकच्या ड्रमला हातच लावू देत नाही. फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जाई, तेव्हा जुन्या धुराड्यातल्या काजळीत शिसे असू शकते. म्हणून काम झाले की जेवणाआधी साबणाने हात धुणे आलेच. आणि बंद शेडमध्ये इंजिन कधीही सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हृदयविकाराच्या माणसाला तो इतरांपेक्षा लवकर गाठतो.

सर्वांत अवघड गोष्ट किल्लीची. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी, वैद्यकीय दाखल्यासह करावे लागते. अण्णांच्या परवान्याची मुदत केव्हाच संपली आहे. तरी एका सकाळी त्यांनी किल्ली मागितली. नाही म्हटले असते तर दिवस गेला असता. माझ्या यजमानांनी आदल्या रात्रीच डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढून ठेवला होता, त्यामुळे मी निर्धास्तपणे किल्ली दिली. अण्णा आत बसले, किल्ली फिरवली, क्षणभर ऐकले, मग उतरून बॉनेट उघडले, झाकण काढले आणि ओट्याकडे पाहून ओरडले, "रोटर कोणी काढला?"

दुपारचे जेवण विसरणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. यजमानांनी खोटे सांगितले नाही. "अण्णा, मी काढला. तुम्ही रस्त्यावर नेली तर आम्हाला भीती वाटते," असे ते म्हणाले. अण्णा बराच वेळ गाडीच्या पंख्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सांगायचं ना मग. मीच काढून दिला असता." त्यांनी तो रोटर मागून घेतला, कापडात गुंडाळला आणि आपल्या ट्रंकेत ठेवला. तेव्हापासून त्यांनी किल्ली मागितलेली नाही. हा उपाय प्रत्येक घरी लागू पडेल, असे मी म्हणणार नाही.

दिरांशी बोलणे झाले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे वा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. इंजिनाच्या क्रमांकाचा घोळ पाहता आमचे काम सोपे नाही. कागद जमवणे चालू आहे. निदान अण्णा आहेत तोवर भंगारवाला दारात येणार नाही, एवढे दिरांनी कबूल केले आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, परवा खालच्या वावराचा बांध घालायचा होता, तेव्हा ते आधी अण्णांना विचारायला आले. अण्णांनी शेजारच्या जुन्या बाभळीची खूण सांगितली. ती बाभूळ आता नाही, पण तिचा बुंधा सापडला.

'८१५' च्या दोन गाड्यांपैकी आस्कारीची आजही इटलीत एका संग्रहात आहे. रांगोनीची भंगारात गेली. हे मी अण्णांना कितीदा सांगितले असेल, पण दोन दिवस गेले की ते पुन्हा विचारतात, "दुसरीचं काय झालं?" मी पुन्हा सांगते. दर वेळी ते तितकेच हळहळतात, आणि मग म्हणतात, "इंजिन तरी काढून ठेवायचं व्हतं."